गळ्यात आलेला हात

मी एक जुनी झोळी आहे. मित्रांनो, झोळी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे त्यात झोपलेलं तान्हं बाळ आलं असेल. मी त्यातली नव्हे. हात मोडला की तो गळ्यात अडकवतात ना, ती मी. कोपराशी बंद, मनगटाशी उघडी, आणि मानेवरून जाणारा एक रुंद पट्टा. आज माझा रंग धड सांगता येणार नाही, पण एके काळी मी सायीच्या रंगाची होते.

माझं कापड पडद्याच्या अस्तराचं. दोन बहिणींचं पडद्यांचं दुकान होतं, तिथली मी. पुढे दुकान, त्यामागे शिवणखोली आणि तिच्याही मागे दोघींच्या राहायच्या खोल्या. कापडाचे तागे भिंतीशी शिपायांसारखे उभे असायचे. कड्यांचे डबे, दांड्यांचे जुडगे, कडेला माप रंगवलेलं लांबलचक टेबल, असा सगळा पसारा.

मोठीला सगळेच ताई म्हणत, अगदी तिच्याहून वयाने थोर गिऱ्हाइकंसुद्धा. धाकटी चिमी. लहानपणी पडलेलं हे नाव पंचेचाळिशी उलटली तरी तिला चिकटूनच होतं. चिमीचा नवरा बोटीवर कामाला, त्यामुळे वर्षातले बरेच महिने दोघी बहिणीच एकमेकींना. ताई मापं घ्यायची, कापायची, शिवायची. चिमी चढायची. ताईचे गुडघे कुरकुरत, आणि चिमी शिडीवर अशी जायची की खारीने तोंडात बोट घालावं. दांडा बसवणं, कड्या ओवणं, चुण्या सारख्या करणं, सगळं वरचं काम तिचं. "ही माझा उजवा हात आहे," असं ताई गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायची.

एकदा एका वाचनालयाचं काम आलं. उंचच उंच खिडक्या, गुळगुळीत फरशी. तेव्हा मी झोळी नव्हते. उरलेल्या अस्तराचा तुकडा होते आणि पिशवीतून अर्धी बाहेर लोंबत होते, म्हणून सगळं पाहिलं.

चिमी शिडीच्या वरच्या पायरीवर होती. ताईने खालून शिडी धरली होती. शेवटची कडी अडकली आणि पडदा सरसरत खाली आला. ताईला वाटलं, डाव्या अंगाला तो किंचित तिरका पडलाय. जवळून नीट कळेना. तिने शिडीवरचा हात काढला, दोन पावलं मागे गेली, मान कलती करून पाहिलं. पडदा अगदी सरळ पडला होता. तेवढ्यात चिमी दांड्याचा खिळा बघायला बाजूला वाकली, आणि शिडीचा पाय फरशीवरून सरकला.

चिमी उजव्या अंगावर पडली. दंडाचं हाड खांद्याच्या जरा खाली मोडलं.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रेचं चित्र उजेडाला धरून पाहिलं. "हाड जागेवर आहे, शस्त्रक्रिया नको," ते म्हणाले. "तीन आठवडे हात गळ्यात. मग इथेच व्यायामाच्या खोलीत यायचं आणि हळूहळू हलवायला लागायचं. दुखेल थोडं, पण थांबायचं नाही. ऐकलंत ना?"

ताईने मान हलवली. पण त्या सगळ्या बोलण्यातला 'दुखेल' एवढा एकच शब्द तिच्या कानात शिरला होता.

रुग्णालयाने दिलेल्या झोळीचा पट्टा चिमीच्या मानेला काचत होता. घरी आल्या आल्या ताई मशीनवर बसली आणि त्या दुपारी मी जन्माला आले. तिने मला दुहेरी कापडाची केली. पट्ट्यात कापूस भरला. कातडीला काही टोचू नये म्हणून आतल्या सगळ्या शिवणी बाहेरच्या अंगाला काढल्या. दोनदा तिने मला उसवलं आणि दोनदा पुन्हा शिवलं. मशीन मध्येच थांबायचं. ताई चष्मा काढून पुसायची आणि परत घालायची. तोंडाने मात्र एक अक्षर नाही.

शेजारच्या औषधांच्या दुकानदाराने मला पाहिलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, काय सुबक शिवलीय. अशा दहाबारा द्या करून, हातोहात खपतील."

"कुणाला लागूच नये म्हणजे झालं," ताई म्हणाली आणि आत निघून गेली.

माझी मात्र छाती फुगली. खरं सांगते, मित्रांनो, त्या दिवसांत मला माझा फार अभिमान वाटायचा. सुजलेला, गरम, जड हात माझ्यात निवांत पडलेला असे. मी तो धक्का न लागू देता तोलून धरत असे.

आणि ताई चिमीला तळहाताच्या फोडासारखी जपू लागली. तिचे केस विंचरायची. बटणं लावायची. ताटातला घास मोडून तिच्या तोंडाशी न्यायची.

"ताई, डाव्या हाताने जमतं गं मला," चिमी म्हणायची.

"जमतंय म्हणून करायलाच हवं का? बैस गुमान."

नवऱ्याचा फोन आला की तोही ताईच चिमीच्या कानाला धरून उभी राहायची. त्या बिचाऱ्याला आपल्या बायकोशी दोन शब्द गोडीचे बोलायचीही चोरी झाली. तो हवापाण्याच्या गप्पा मारायचा आणि फोन ठेवून द्यायचा.

पडण्याबद्दल मात्र घरात कुणी बोलत नव्हतं. चिमीने कधी विचारलं नाही, ताईने कधी सांगितलं नाही. वाचनालयातून निरोप आला की पडदे छान दिसताहेत. ताईने तो ऐकला आणि त्या दिवशी ती जेवलीच नाही.

तीन आठवडे सरले. "आज जायचं ना व्यायामाला?" चिमीने विचारलं.

ताईने माझ्यातून तिचा हात जरासा बाहेर काढून पाहिला. चिमीने ओठ दाबला, तरी "आई गं" निघालंच. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने हात पुन्हा माझ्यात ठेवला आणि पट्टा नीट केला. "राहू दे अजून आठवडाभर. हाडाला घाई करून चालत नाही."

तो आठवडा गेला, मग दुसरा गेला, असे कितीतरी गेले. व्यायामाच्या खोलीतून फोन आला की ताई सांगायची, "येतोच आम्ही पुढच्या आठवड्यात." चिमीलाही मनातून बरंच वाटत असावं, कारण दुखणं कुणाला हवं असतं? आणि मला तर कुणी विचारतच नव्हतं. विचारलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं की राहू दे.

पण माझ्या कापडाखाली काहीतरी बदलत होतं, ते मला कळत होतं. हाताची सूज गेली, ऊब गेली. दंड बारीक झाला. खांदा हळूहळू वर, कानाकडे सरकला. मान त्या अंगाला कलली. तुम्ही कधी पाहिलंय का, आपण चालतो तेव्हा दोन्ही हात आपोआप झुलतात? उजवं पाऊल पुढे तर डावा हात पुढे. कुणी शिकवावं लागत नाही. चिमीचा एकच हात झुलायचा. दुसरा माझ्यात. त्यामुळे तिची पाठ वळेनाशी झाली आणि पावलं तोकडी पडू लागली. संध्याकाळी ती कमरेला हात लावून उठायची. डाव्या चपलेची टाच एका बाजूने झिजली. हात मोडला तर कंबर का दुखावी, हे दोघींनाही उमगत नव्हतं.

मग एका सकाळी ताई बाहेर गेली असताना गिऱ्हाईक आलं. चिमीने मला काढून टेबलावर ठेवलं. कड्यांचा डबा छातीएवढ्या उंचीच्या फळीवर होता. तिने हात उचलला. हात वर जाण्याऐवजी चिमी सगळीच्या सगळी बाजूला झुकली, धक्का लागून डबा खाली आला आणि कड्या दुकानभर घरंगळत गेल्या. ताई दारात आली तेव्हा चिमी त्या पसाऱ्यात उभी होती.

"दुखलं का गं?" ताईने धावत येऊन विचारलं.

"नाही," चिमी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "दुखत नाहीये, ताई. हात जातच नाहीये."

त्याच दिवशी दोघी डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी नवं चित्र पाहिलं. हाड केव्हाच जुळलं होतं, तेही सुरेख. "मग इतके दिवस होतात कुठे?" त्यांनी चिमीला विचारलं.

"मीच येऊ दिलं नाही हिला," ताई म्हणाली.

त्यांनी दोघींना व्यायामाच्या खोलीत धाडलं. तिथल्या बाईंना सगळे व्यायामवाल्या बाई म्हणत. मोठ्या पंजाच्या, मोठ्या आवाजाच्या. त्यांनी आधी चिमीचा खांदा चाचपला, मग मला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, माझ्या बाहेर काढलेल्या शिवणी पाहिल्या.

"कुणी शिवली ही?"

"मी," ताई म्हणाली.

"इतकी चांगली शिवायला नको होती. टोचली असती तर हिने कधीच काढून फेकली असती."

मित्रांनो, आयुष्यात माझं कौतुक पुष्कळ झालं. पण हे वाक्य ऐकलं आणि भुईने पोटात घ्यावं असं वाटलं. ताईने तर मानच वर केली नाही.

बाई मग जरा मऊ झाल्या. "हे बघा, हाडाला हाड नुसतं टेकून उभं राहत नाही. सांध्याभोवती एक खोळ असते. स्नायूंभोवती पातळ आवरण असतं. ते सगळं एकमेकांना जोडलेलं, पायाच्या तळव्यापासून डोक्यापर्यंत. मुलांच्या पुस्तकात त्याला संयोजी ऊतक म्हणतात. आपण ताठ उभे राहतो, वाकतो, वळतो, ते त्याच्या जिवावर. ते हलतं राहिलं तर सैल, ओलसर राहतं. एका जागी ठेवलं तर आखडतं, चिकटतं." त्यांनी ताईच्या खांद्यावरचं कापड चिमटीत धरून वर ओढलं. "आता ओढ कुठे बसली?"

"कमरेपाशी," ताई म्हणाली.

"म्हणून हिची कंबर दुखते. आणि खांद्याच्या खोळीला काखेच्या अंगाला एक सैल घडी असते. हात वर नेला की ती उलगडते. हिची घडी उलगडलीच नाही इतके दिवस. चिकटून बसलीय."

ताईने खांद्यावरचं कापड सारखं केलं. मग म्हणाली, "म्हणजे पडद्याला चुण्या घातल्या आणि त्यांच्यावरून आडवी शिवण मारली, तसं. मग कितीही ओढा, पडदा पसरायचा नाही."

"तसंच."

"उसवता येईल?"

"कात्री लावून नाही. रोज थोडं थोडं ओढून. बराचसा हात येईल. पुरता येईल का, ते आज सांगत नाही. आणि दुखेल, रोज दुखेल."

दुसऱ्या दिवसापासून व्यायाम सुरू झाले. चिमीला आडवी निजवून बाई तिचा हात हळूहळू वर न्यायच्या. एका जागी आला की चिमी कण्हायची. पहिल्याच दिवशी ताई ताडकन उठली आणि तिने बाईंचं मनगट धरलं. बाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि दाराकडे बोट केलं. ताई बाहेर बाकावर जाऊन बसली. मी तिच्या मांडीवर होते. ती माझ्या पट्ट्याचा काठ बोटांनी चुरगळत राहिली.

घरी मात्र बाई नव्हत्या. बाईंनी सांगितलेले व्यायाम चिमी भिंतीशी उभी राहून करायची. बोटांनी भिंतीवर वर वर चढायचं. दोनतीन वेळा झालं की ताई म्हणायची, "पुरे आज. घामाने भिजलीस." आणि मला घेऊन यायची. "जरा टेक हात यात. विसावा मिळेल."

चार दिवस चिमीने ऐकलं. पाचव्या दिवशी तिने मला ताईच्या हातातून हिसकावलं.

"ताई, तुला माझा हात बरा व्हायला हवाय की तुला बरं वाटायला हवंय?"

"असं काय बोलतेस?"

"खरं तेच बोलतेय. मला लागलं की तुला लागतं, म्हणून तू मला हलूच देत नाहीस. हात माझा आणि जपून ठेवलायस तू."

ताईने माझा पट्टा पुन्हा धरायला हात पुढे केला. तेव्हा चिमीने मला डाव्या हाताने झटकलं, ताईच्या गळ्यात घातलं आणि तिचा उजवा हात माझ्यात कोंबला. "संध्याकाळपर्यंत काढायची नाही. तुला कळू दे तरी."

तर तो एक दिवस मी ताईच्या गळ्यात काढला. ताईने कातर उचलली, ठेवली. सुईत दोरा ओवायला गेली, जमेना. चिमीने ओवून दिला. चिमीने तिचे केस विंचरले, घास मोडून तोंडाशी नेला. मग पाण्याचा पेला तिच्या ओठांना लावला.

"अगं, येतं मला डाव्या हाताने," ताई वैतागून म्हणाली.

बोलली आणि थांबली. चिमी पेला धरून तशीच उभी होती. दोघींच्याही काय ध्यानात आलं, ते मला सांगायला नको.

दुपारी दोघी कापड पोचवायला रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. येताना ताईचा श्वास फुलला होता. हात बांधलेला म्हणून पाठ वळत नव्हती, पाठ वळत नाही म्हणून पाऊल पडत नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिची मान धरली आणि कमरेत कळ बसली. एका दिवसात, धडधाकट हाताला.

दिवे लागायच्या सुमाराला ती शिवणखोलीत खुर्चीवर बसली. चिमी समोर चुण्यांना टाचण्या लावत होती, डाव्या हाताने, वेड्यावाकड्या.

"चिमे," ताई म्हणाली. "शिडी मी सोडली होती."

"मला माहीत आहे. मी वरच होते."

"पडदा तिरका वाटला म्हणून."

"तेही माहीत आहे. तुझी मान कललेली दिसली मला."

"मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

"कधी बोलणार? सकाळ उजाडली की तू माझी बटणं लावत होतीस." चिमीने टाचणी तोंडातून काढली. "राग आला होता मला, ताई. खूप आला होता. भांडायचं होतं तुझ्याशी. पण जी बाई आपल्याला भरवतेय तिच्याशी भांडायचं कसं?"

ताई रडली. आवाज न करता, बराच वेळ. चिमीने तिला उगी केलं नाही, टाचण्या लावत राहिली. शेवटी ताई म्हणाली, "एकदा धरायचं होतं तेव्हा सोडलं. मग सोडायचं होतं तेव्हा धरून बसले."

"हो," चिमी म्हणाली.

त्या 'हो'मध्ये क्षमा होती का, ते मला आजही ठरवता येत नाही. पण ताईचे खांदे जरा खाली आले. मी तिच्या गळ्यात होते, म्हणून मला ते कळलं.

मग तिने मला काढलं आणि खुंटीला टांगलं. मला परत कुणी चिमीच्या गळ्यात घातलं नाही. भिंतीशी चिमी कण्हायला लागली की ताई मशीनवर बसायची आणि ते जोरजोरात चालवायची. रिकामंच, दोरा न ओवता, नुसता आवाज यावा म्हणून. पण उठून यायची नाही. मी खुंटीवर लोंबत धूळ खात होते. कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं. सुरुवातीला मला वाईट वाटलं. मग एक दिवस चिमीने पाठीमागे हात नेऊन स्वतःचं बटण स्वतः लावलं, फार वेळ लागला, दोनदा निसटलं, आणि ताई ते बघत हात मागे बांधून उभी राहिली. त्यानंतर मला वाईट वाटलं नाही.

हात पुरता आला नाही. डोक्यावर सरळ ताठ जायचा तो कानापुढे थोडा अडतो, अजूनही. उंच खिडक्यांचं काम आता दुसऱ्या माणसाला द्यावं लागतं, आणि त्याच्या चुण्या चिमीला पसंत पडत नाहीत. गिऱ्हाइकांनी विचारलं की ताई आडपडदा न ठेवता सांगते, "माझ्या हातून झालं." चिमी तिला तसं बोलू देते. ताईच्या मनातली टोचणी गेली असं मी म्हणणार नाही. चिमी हात वर नेते आणि तो अडतो, तेव्हा ताईची नजर खाली जाते. पण ती मदतीला धावत नाही.

पुढे ताईने मला धुतलं, इस्त्री केली आणि व्यायामवाल्या बाईंना द्यायचं ठरवलं. दोघी चालत निघाल्या. मी पिशवीत वरच होते. चिमी पुढे होती, रस्त्यावरच्या कुणाला तरी नावं ठेवत, हसत. ताई एकाएकी मागे राहिली. मला कळेना काय झालं. मग मीही पाहिलं. चिमीचे दोन्ही हात झुलत होते. उजवं पाऊल, डावा हात. डावं पाऊल, उजवा हात. चिमीला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता.

"मागे काय राहिलीस?" चिमीने वळून विचारलं.

"काही नाही. चल तू," ताई म्हणाली.

तेव्हापासून मी बाईंच्या खोलीत असते. कितीतरी हात माझ्यात विसावून गेले. माझ्या शिवणी आता विरल्या आहेत आणि पट्ट्यातला कापूस गोळा झाला आहे. मित्रांनो, माझ्या दोनच मागण्या आहेत. मला गळ्यात घालाल त्याच दिवशी मला कधी काढायचं तेही विचारून घ्या, आणि तो दिवस आला की दुखलं तरी काढा. आणि तुमच्या हातून कुणाला इजा झाली असेल, तर ते त्याला तोंडाने सांगा, लवकर सांगा. ताईने जे सांगायचं होतं ते माझ्यात शिवून टाकलं होतं, आणि मग ते चिमीला गळ्यात घालून फिरावं लागलं.